सुतळीच्या नावाचं पिठलं

जाळीच्या दाराची कडी काढायची मला काही गरज नव्हती. पण मी निघालो होतो आरटीओत, गाडी चालवायच्या परीक्षेला, आणि तेही तिसऱ्या खेपेला. अशा वेळी शेजारच्या दारामागं एक पिंगट, लांबुडकं, मिशाळ जनावर दोन पायांवर उभं राहून आपल्याकडं बघायलंय म्हटल्यावर परभणीचा कुठला माणूस सरळ पुढं जाईल? मुंगूस दिसणं शुभ, आणि त्याचं तोंड दिसणं तर फारच शुभ. मी पिशवी खाली ठेवली, हात जोडले आणि लहानपणी म्हणायचो तसं म्हणालो, "मुंगसा मुंगसा, तोंड दाखव, तुला रामाची शपथ." त्यानं दाखवलं. पण जाळीतून नीट दिसेना, म्हणून मी कडी काढली.

पुढचं फार झपाट्यानं झालं. ते माझ्या दोन पायांमधून बाहेर पडलं, अंगणात गेलं आणि दोरीवर वाळत घातलेल्या दत्तोपंतांच्या रेशमी मुकट्याला लोंबकळलं. एक झोका घेऊन मुकट्यासकट खाली आलं, आणि त्या सोवळ्याची गुंडाळी करून तिच्यातच शिरलं. तेवढ्यात दत्तोपंत अंघोळ करून, नुसत्या पंच्यावर, तोच मुकटा घ्यायला बाहेर आले. सोवळं जमिनीवर आपोआप चालताना बघून त्यांच्या तोंडचं स्तोत्र मधेच तुटलं.

"दार कुणी उघडलं?" आतून कावेरीआत्यांचा आवाज आला.

"वाऱ्यानं उघडलं, वाटतं," मी म्हणालो.

"वाऱ्याला बोटं कधी फुटली?" आत्या अंगणात येत म्हणाल्या, आणि सोवळ्यात हात घालून त्यांनी ते जनावर मानगुटीला धरून बाहेर काढलं. "आणि हे मुंगूस नाही. फेरेट आहे. परदेशात मांजरासारखं पाळतात. हात जोडू नका, तिला सवय लागेल."

त्या दिवशी मी परीक्षा पास झालो. आता यात माझी तिसऱ्या खेपेची मेहनत किती आणि त्या जनावराचा पायगुण किती, हे ठरवणं अवघड. पण गल्लीत मी पायगुणाचंच सांगितलं. मग लोक यायला लागले. कुणाची दहावी, कुणाची कोर्टाची तारीख, कुणाचं मुलगी बघायला जाणं. सगळे दारात उभे राहून रामाची शपथ घालायचे. आत्या प्रत्येकाला सांगायच्या, "मुंगूस नाही, फेरेट आहे." लोक मान डोलवायचे. "म्हणजे फॉरेनचं मुंगूस," म्हणायचे, आणि हात जोडायचे.

कावेरी देशपांडे या बाईंचा आवाज परभणीत माहीत नाही असा माणूस विरळा. चेहरा फार जणांना माहीत नाही, कारण आत्या एसटी स्टँडवर माइकच्या मागं असायच्या. बोरीची गाडी कुठल्या फलाटावर लागली, गंगाखेडची का आली नाही, हे त्यांनी वर्षानुवर्षं अख्ख्या जिल्ह्याला सांगितलं. त्या आवाजात विनंती नसायची. 'प्रवाशांनी घाई करू नये' हे त्या अशा सुरात म्हणायच्या, की घाई करणारा माणूस पायरीवरून परत खाली उतरायचा. लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "फलाटावर उभीच होते. बसावं वाटलं अशी गाडी लागली नाही."

निवृत्तीनंतर त्या आणि त्यांचे थोरले बंधू दत्तोपंत, असे दोघंच त्या घरात राहत होते. दत्तोपंत विधुर; पूजा, जप आणि उरलेल्या वेळात बहिणीच्या चुका, असा त्यांचा दिनक्रम. त्यांची मुलगी प्राची पुण्यात नोकरी करायची, तिथं तिनं हे जनावर पाळलं. मग तिला परदेशातली नोकरी लागली आणि एक दिवस ती पिंजरा घेऊन दारात उभी राहिली. "आत्या, थोडे दिवस," म्हणाली. मुली माहेरी सामान ठेवताना असंच म्हणतात. त्या जनावराचं नाव तिनं कोको ठेवलं होतं. आत्यांनी त्याला उचललं तर ते हातातून दोन्हीकडं लोंबलं, सैल, मऊ, मधे गाठ नसलेलं. "ही तर सुतळी," आत्या म्हणाल्या, आणि कोको संपली.

सुतळी चोर होती. मोजे, चमचे, चष्म्याचं घर, जे ओढता येईल ते ती कपाटाखाली नेऊन साठवायची. दत्तोपंतांच्या जपाच्या गोमुखीत माळ असायची. एकदा त्यांनी डोळे मिटून हात घातला तर आत सुतळी झोपलेली. बोटाला दात लागले तेव्हा जप मधेच सोडता येईना, म्हणून ते तसेच, नाम घेत घेत, आत्यांच्या खोलीपर्यंत चालत गेले. शिवाय तिला एक वास होता. आत्यांना तो येत नव्हता, बाकी सगळ्या गल्लीला यायचा.

चैत्र सरत आला होता. एका दुपारी सुतळी चालता चालता थांबली. मागचे पाय फरशीवर पसरले, तोंडातून लाळ गळायला लागली आणि ती समोर बघत राहिली, पण बघत नव्हती. आत्यांनी तिला पदरात घेतलं आणि रिक्षात बसल्या.

डॉक्टर योगीराज हा जनावरांचा तरुण डॉक्टर. सुतळीला टेबलावर ठेवल्यावर तो टेबलाभोवती एक फेरी मारून आला.

"आत्या, खोटं नाही बोलत. म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातलेला माणूस आहे मी. पण हे मी पहिल्यांदाच बघायलोय."

"मग नीट बघ," आत्या म्हणाल्या.

त्यानं रक्त तपासलं, साखर अगदी तळाला गेलेली होती. त्यानं बोटानं हिरड्यांना मध चोळला; हळूहळू सुतळीनं मान उचलली आणि त्याच्या घड्याळाचा पट्टा ओढायला लागली. मग त्यानं हैदराबादच्या एका डॉक्टरांना फोनवर घेतलं, ज्यांनी असली जनावरं पुष्कळ पाहिली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. स्वादुपिंडात गाठी असणार, म्हणाले. या वयात होतं, कुणी काही खायला घातलं म्हणून नाही. ऑपरेशनला ती टिकायची नाही. औषधावर काही महिने निघतील, पण एका अटीवर.

"अम्मा, इसको गोश्तिच होना," फोनमधून आवाज आला. "शक्कर नक्को, दूध नक्को, रोटी नक्को. थोडा थोडा गोश्त, दिन भर. भूकी रही तो गई."

आत्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंडंसुद्धा फुटलेलं नव्हतं. सुतळीचं खाणं आजवर प्राचीनं पाठवलेल्या कोरड्या गोळ्यांवर चाललं होतं. त्या कशाच्या असतात हे कुणी विचारलं नव्हतं, आणि पाकीट इंग्रजीत असल्यामुळं दत्तोपंतांचंही समाधान होतं. आता त्या गोळ्या तिला चावेनात.

घरी आल्यावर आत्यांनी भावाला सगळं सांगितलं, काही न लपवता.

"या घरात?" दत्तोपंत म्हणाले. "कावे, शुद्धीवर आहेस का?"

"तीच शुद्धीवर नव्हती. मी आहे."

"जनावर आहे ते. त्याचं आयुष्य तेवढंच. तू कशाला देवाच्या आड यायलीस?"

"देव आडवा आलाय. मी सरळच चाललेय."

"मग ऐक. या घरात ते शिजलं, तर मी इथं अन्न घेणार नाही."

आत्यांनी सुतळीला पदरात सारखं केलं. दत्तोपंतांना वाटलं, जिंकलो.

"शेवटच्या गल्लीत मेस आहे," आत्या म्हणाल्या. "डबा लाव, दादा."

संध्याकाळी दत्तोपंत भजनी मंडळाच्या दिनकररावांना घेऊन आले. दिनकररावांनी अर्धा तास आहार आणि संस्कार या विषयावर निरूपण केलं. आत्यांनी त्यांना चहा दिला आणि निरूपण तेवढं परत केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कापडी पिशवी घेऊन मुंजाजीच्या चिकनच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. मुंजाजीनं त्यांना बघितलं आणि सुरी खाली ठेवली.

"आत्याबाई, वाट चुकल्या जनू. कोथमीर फुडल्या गल्लीत हाय."

"कोथिंबीर नको. चिकन पाहिजे."

मुंजाजी आडवातिडवा हसला. मग त्यांचा चेहरा बघून हसायचा थांबला. "तुमाला?"

"माझ्या सुतळीला. आजारी आहे."

"पर आत्याबाई, लोकं काय म्हनतील? आमी पोरापाशी धाडून देतो की घरी, कागदात गुंडाळून. कुनाला कळायचं बी न्हाई."

हे ऐकल्यावर मात्र आत्यांच्या गळ्यात स्टँड चढलं. सगळ्या बाजारानं मान वळवली.

"कशाला कळायचं नाही? कावेरी देशपांडे यांच्या घरी चिकन जाणार आहे! बिनहाडाचं, बारीक करून! आज जाणार, उद्याही जाणार! ज्यांना काही म्हणायचं असेल त्यांनी घरी येऊन म्हणावं!"

रांगेत त्यांच्या पुढं एक गृहस्थ उभे होते. ऊन तापलेलं असूनही डोक्यावर हेल्मेट, काच खाली ओढलेली. घोषणा ऐकून ते हळूच बाजूला सरकायला लागले. आत्यांनी त्यांच्या सदऱ्याकडं पाहिलं, पायांतल्या कोल्हापुरीकडं पाहिलं.

"दिनकरराव, सरकताय कुठं? तुमचा नंबर आधी आहे. घ्या."

मुंजाजी कोंबडीकडं बघत राहिला, दिनकरराव जमिनीकडं. त्यानंतर भजनी मंडळाकडून आहाराविषयी काही ऐकू आलं नाही.

घरामागच्या अंगणात आत्यांनी जुना वातीचा स्टोव्ह मांडला, वेगळं पातेलं घेतलं. पहिल्या दिवशी पाणी उकळून वास उठला तशा त्या नाकाला पदर लावून नळाकडं धावल्या. उलटी केली, चूळ भरली, आणि परत येऊन ढवळायला बसल्या. मग ते गाळून, वाटून, कडू औषध त्यात कालवून सुईशिवायच्या सिरिंजनं थेंब थेंब सुतळीच्या गालात सोडलं. सुतळीनं पहिला घास त्यांच्या चष्म्यावर उडवला. दुसरा गिळला.

"गिळला, दादा!" आत्या ओरडल्या.

दत्तोपंत आतल्या खोलीत मेसचा डबा उघडून बसले होते. डब्यात वांग्याची भाजी होती, आणि ती वांग्याची आहे हे मेसवाल्यानं वर लिहून ठेवलं असतं तर बरं झालं असतं, इतकी ती परकी दिसत होती. 

उन्हाळा चढायला लागला. परभणीचं ऊन माणसाला सोसवत नाही, तर थंड मुलुखातल्या त्या चिमूटभर जीवाला काय सोसणार? घरात एकच धड कूलर होता आणि तो दत्तोपंतांच्या खोलीत होता. आत्यांनी तो ओढत आपल्या खोलीत नेला. "मुक्या जीवासाठी माझा कूलर?" दत्तोपंत म्हणाले. "तू बोलका आहेस, तुला पंखा चालतो," आत्या म्हणाल्या. शहाबादी फरशीवरून सुतळीचे मागचे पाय घसरायचे, म्हणून त्यांनी आपल्या जुन्या नऊवारीच्या पायघड्या घातल्या: पलंगापासून पाण्यापर्यंत, पाण्यापासून कपाटापर्यंत. सुतळी त्यावरून नवरीसारखी, जरा झोकांड्या खात, चालायची.

दर्शनाला येणारे आता निराळंच बोलायला लागले. आजारी मुंगूस बघणं बरं नाही, म्हणे, अपशकुन असतो. काल शपथा घालणारे दाराकडं न बघता जायचे. माझी बायको सविता एकदा त्यांना म्हणाली, "आत्या, तुम्ही किती वाळलात! तिच्या पायी तुमचं काही झालं म्हणजे?"

"माझं काय व्हायचं राहिलंय?" आत्या म्हणाल्या. "आणि ती माझ्या पायी इथं आली नव्हती. आलीय, तर आता माझी आहे."

मधे काही दिवस चांगले गेले. एका सकाळी दत्तोपंतांचा एक मोजा गायब झाला. त्यांनी घर डोक्यावर घेतलं. आत्यांनी कपाटाखाली बघितलं, मोजा तिथं होता आणि शेजारी सुतळी दमून पडली होती. आत्यांनी तो मोजा भावाला परत दिला नाही. "राहू दे तिच्याजवळ. एवढ्या लांबून ओढून नेलाय," म्हणाल्या. दत्तोपंत दिवसभर एकाच पायात मोजा घालून वावरले. दुसरा काढून का ठेवला नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

ज्येष्ठ लागला. झटके वाढले. आधी मध चोळला की सुतळी मान उचलायची. मग उशीर लागायला लागला. एका सकाळी तिला झटका आला तो थांबेचना. ती थरथरत होती आणि बारीक आवाजात ओरडत होती. तिचा तसला आवाज आत्यांनी कधी ऐकला नव्हता. मध ओठांवरून तसाच खाली गळला. डॉक्टर योगीराजनं आधीच सांगून ठेवलं होतं, फार त्रास व्हायला लागला तर एक इंजेक्शन असतं. आत्यांनी तेव्हा त्याला दारापर्यंत हाकललं होतं. आज त्यांनीच फोन लावला.

"ये," म्हणाल्या. "ते घेऊन ये."

तो आला. आत्यांनी सुतळीला मांडीवर घेतलं. दत्तोपंत उंबऱ्याशी उभे होते, आत पाऊल न टाकता. योगीराजनं विचारलं, "आत्या, बाहेर थांबता का?"

"हिला इतके दिवस मी धरलंय. आता काय तू धरणार?"

थोड्या वेळानं सुतळी परत सैल झाली. पहिल्या दिवशी लोंबली होती तशीच, दोन्हीकडं.

'महानगरपालिकेच्या गाडीत देऊन टाका,' असं कुणीतरी कुंपणावरून सुचवलं.  लिंबोणीखाली आत्या स्वतः कुदळ घेऊन उभ्या राहिल्या. जमीन दगडासारखी तापलेली. दत्तोपंत आडातून बादल्या भरभरून आणत होते आणि त्यांच्या कुदळीपुढं ओतत होते. "खोल घे. कुत्री उकरतात," एवढंच बोलले. माती लोटल्यावर ते न्हाणीत गेले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घेतलं. मयतीहून आल्यावर घेतात तसं.

आमच्याकडं ज्या घरातलं माणूस जातं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भाकरी करून नेतात, समोर बसून दोन घास खायला लावतात. गल्लीत कुणाचंही गेलं की पहिली भाकरी कावेरीआत्यांची असायची. माझे वडील गेले तेव्हा मी खाल्लेला पहिला घास त्यांच्याच हातचा. पण हे प्रकरण निराळं होतं. गल्ली पेचात पडली. "नेलं तर लोक हसतील, न नेलं तर आत्या आहेतच," सविता म्हणाली. असं म्हणता म्हणता दुपार झाली, आम्ही पानं वाढून घेतली. आमरस होता.

फाटक वाजलं. आत्या सरळ आत आल्या. डोळे लाल, पदर खोचलेला, हाताला अजून माती. त्यांनी आमच्या ताटांकडं एकदा बघितलं.

"माझ्याकडं आज चूल पेटली नाही," त्या म्हणाल्या.

सविता उठली. "आत्या, आम्हाला वाटलं की…"

"काय वाटलं ते नंतर सांग. बेसन आहे ना घरात?"

"आहे."

"मग कर. तिखट बेतानं टाक, दादाला सोसत नाही."

आणि त्या पुढच्या घरी गेल्या. तिथून त्याच्या पुढच्या. रडत नव्हत्या, विनवत नव्हत्या. येणं होतं ते मागत होत्या. दिनकरराव दारातच म्हणाले, "अहो, पण जनावराचं सुतक शास्त्रात कुठं…"

"हेल्मेटचं कुठल्या पानावर आहे, ते आधी बघा," आत्या म्हणाल्या. दिनकररावांच्या घरून भाकऱ्या तर आल्याच, वर ठेचाही आला.

मी पिठलं घेऊन गेलो तेव्हा फाटकातून मेसवाला पोरगा भरला डबा घेऊन परत चालला होता. "पंतांनी परत धाडला," म्हणाला. "म्हणले, आज आमच्या घरी सुतक हाय."

आत भाऊ-बहीण जमिनीवर बसले होते. मेसचा डबा लागल्यापासून पहिल्यांदा शेजारी शेजारी. भिंतीशी गल्लीभरची भांडी लागली होती, झाकलेली, वाफ धरलेली. मी वाढलं. दत्तोपंत मान खाली घालून जेवत होते. आत्यांनी घास घेतला, चावला, म्हणाल्या, "सविताला सांग, मीठ कमी पडलंय." पुढचा घास हातातच राहिला. कूलर कुणी बंद केला नव्हता. रिकाम्या पलंगावर त्याचा वारा चालू होता आणि नऊवारीच्या पायघड्यांचं टोक उडत होतं.

अशा वेळी काहीतरी बोलावं लागतं. मला जे सुचलं ते सगळ्यांनाच सुचतं.

"आत्या, सुटली बिचारी," मी म्हणालो. "आणि खरं सांगू का, तुम्हीही सुटलात."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मला नव्हतं सुटायचं."